शेऱ्याचा रकाना

आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत बसणाऱ्या कक्ष अधिकाऱ्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याला बरीच वर्षं झाली होती. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि पाठ वळली की अंशतः. त्यांना ते ठाऊक होतं. राग येत नव्हता, उलट थोडा अभिमानच वाटायचा, कारण त्या एका शब्दावर त्यांनी पाच आरोग्यमंत्री तारून नेले होते.

काम असं होतं. अधिवेशन जवळ आलं की आमदार सरकारला प्रश्न विचारतात. कुठल्या दवाखान्यात औषधं नाहीत, कुठली रुग्णवाहिका चार चाकांपैकी दोनांवर उभी आहे, वगैरे. प्रश्नाची बांधणी ठरलेली असते. पहिला भाग : अमुक अमुक, हे खरे आहे काय? दुसरा : असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? तिसरा : नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तर मंत्री वाचतात, पण लिहितं कुणी दुसरंच, आणि आरोग्याच्या बाबतीत ते दुसरं कुणी म्हणजे आपले साहेब. सगळी मेख पहिल्या भागात. ‘खरे आहे’ लिहिलं की काय केलं ते सांगावं लागतं, आणि केलेलं तर काही नसतं. ‘खरे नाही’ लिहिलं की खाली दोन्हीकडे ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढं टाकून मोकळं होता येतं. पण खोटं उघडं पडलं तर मंत्र्यांवर हक्कभंग. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. साहेबांनी या दोन्हींच्या मधून पायवाट काढली होती : ‘हे अंशतः खरे आहे.’ दवाखान्याला छप्पर नाही असा प्रश्न आला, तर साहेब आधी भिंती मोजायचे. भिंती आहेत ना? मग अंशतः.

माणूस जे काम तीस वर्षं करतो ते त्याच्या हाडात उतरतं. तरुणपणी टंकलेखन विभागातल्या एका मुलीनं त्यांना जिन्यात गाठून सरळ विचारलं होतं, “लग्न करायचंय का माझ्याशी?” साहेब म्हणाले, “बाब विचाराधीन आहे.” तिनं चार महिने वाट पाहिली आणि ग्रंथपालाशी लग्न केलं. तेव्हापासून साहेब दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत होते, त्यातलीही एकच खोली वापरत होते. दुसरीत सतरंजीखाली जुनी वर्तमानपत्रं आणि सतरंजीवर कुणी नाही. दर रविवारी सकाळी त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन यायचा.

“जेवतोस ना नीट?” ताई विचारायची.

“अंशतः.”

“मेल्या, माझ्याशी तरी सरळ बोल की रे.”

मग दोघंही हसायची, ताईच्या मागं नातवंडांचा गलका व्हायचा, आणि फोन बंद झाला की साहेबांच्या खोलीत पुन्हा घड्याळ ऐकू यायचं. पुढच्या रविवारपर्यंत ऑफिसच्या कामापलीकडे ते कुणाशी बोलत नसत. कुणी बोलायला येतही नसे. याचं दुःख करावं असं त्यांना वाटायचं नाही, पण ते नव्हतं असं मात्र नाही.

आता डोंगरावरच्या आरोग्य केंद्राचा प्रश्न.

डोंगराकडचे आमदार म्हणजे पांढऱ्या मिशांचे, मागच्या बाकावरचे, चिवट गृहस्थ. ते दर अधिवेशनात, वर्षातून दोनदा, एकच प्रश्न पाठवत : ‘सदर केंद्रातील मंजूर चार पदांपैकी तीन पदे रिक्त असून एकच परिचारिका एकटीने केंद्र चालवीत आहे, हे खरे आहे काय?’ प्रश्न कोणत्या क्रमानं सभागृहात यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि या आमदारांचं नशीब असं फुटकं की त्यांचा प्रश्न कायम यादीच्या शेपटाला. तास संपायचा, प्रश्न तोंडी यायचाच नाही, आणि छापील उत्तरावर भागायचं. ते छापील उत्तर, सांगायला नको, अंशतः.

त्यासाठी साहेबांनी एक युक्ती शोधून काढली होती. अधिवेशनाच्या आठवडाभर आधी एखाद्या डॉक्टरला त्या केंद्रात नेमल्याचा हुकूम निघायचा. डॉक्टर चढून जायचे, हजेरीपटावर सही करायचे, आणि दुपारी रजेचा अर्ज ठेवून उतरायचे. कागदावर एक पद भरलं. रिक्त राहिली दोनच. म्हणजे तीन रिक्त आहेत हे पूर्ण खरं नाही. साप मेला आणि काठीही शाबूत.

उत्तर लिहिण्याआधी केंद्राकडून माहितीचा तक्ता मागवावा लागतो. मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना : शेरा. त्या रकान्यात काही लिहायचं नसतं. सगळी केंद्रं तिथं ‘निरंक’ लिहितात, म्हणजे काही नाही. सहा वर्षांपूर्वी डोंगरावरून पहिला तक्ता आला तेव्हा त्या रकान्यात निळ्या शाईनं, मुलांना अक्षरं गिरवायला द्यावीत अशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं :

‘डॉक्टर रुजू झाले. चहा प्यायले. दुपारी रजेवर गेले. चहा चांगला झाला होता, त्याचा दोष नसावा.’

साहेब हसले. एकट्यानं, मोठ्यांदा. बाहेरच्या बाकावरचे शिपाईमामा दार ढकलून बघून गेले. मग साहेबांनी नेहमीप्रमाणे उत्तर लिहिलं, अंशतः. शेरा त्यात घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण तक्ता फाइलला लावण्याआधी त्यांनी तो पुन्हा वाचला. आणि त्या संध्याकाळी घरी चहा करताना त्यांना पुन्हा हसू आलं.

सहा महिन्यांनी दुसरा आला : ‘एका बकरीची प्रसूती केली. दोन्ही पिल्ले सुखरूप. नोंद कोणत्या रजिस्टरात घ्यावी?’

मग तिसरा : ‘छताला गळती तीन ठिकाणी. बादल्या दोन.’

या तिसऱ्या शेऱ्यावर साहेबांना राहवलं नाही. त्यांना उत्तर द्यायचं होतं. पण सरकारी माणसानं एका अनोळखी बाईला काय म्हणून लिहायचं? त्याला एकच वाट होती. त्यांनी रीतसर पत्र काढलं : ‘आपल्या तक्त्यातील शेऱ्याच्या अनुषंगाने, तिसऱ्या गळतीबाबत कोणती उपाययोजना केली आहे, ते सुस्पष्ट करावे.’ खाली जावक क्रमांक, तारीख, सही नुसती आडवी रेघ. नऊ दिवसांनी उत्तर आलं : ‘तिसऱ्या गळतीखाली मी झोपत नाही.’

उभ्या आयुष्यात साहेबांनी कुणाशी इतक्या गप्पा मारल्या नव्हत्या.

त्यानंतर ते प्रत्येक शेऱ्यावर एक खुलासा मागवू लागले. बकरीची पिल्लं सध्या कोणत्या अवस्थेत आहेत? खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचा प्रकार नमूद करावा. तिकडून उत्तरं यायची, कधी चिडकी, कधी गमतीची. एकदा तिनं लिहिलं, ‘गेल्या अकरा दिवसांत केंद्रात कुणी आले नाही. सगळे बरे आहेत म्हणून बरे वाटते. फार बरे वाटत नाही.’ तो कागद साहेबांनी बराच वेळ हातात धरून ठेवला होता. त्यावर काय खुलासा मागवावा ते त्यांना सुचलं नाही. त्यांनाही रविवार ते रविवार नेमकं तसंच वाटायचं.

तिचं नाव तक्त्याखाली असायचं, पण मनात ते तिला ‘शेरेवाली’ म्हणायचे. अधिवेशन जवळ आलं, की इतर शाखांत माणसांचे चेहरे उतरायचे, आणि साहेब नवा सदरा काढायचे. डोंगराकडचे आमदार या वेळी प्रश्न विचारतील ना, याची त्यांना धाकधूक लागायची. ही धाकधूक कशाची, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं लिहिणारा माणूस स्वतःला प्रश्न विचारायच्या फंदात पडत नाही.

बारावा तक्ता उन्हाळ्याच्या अधिवेशनाला आला. शेरा असा :

‘शहरात माझे वडील एकटे असतात. ते विसरू लागले आहेत. शेजारीण बघते. मला अजून ओळखतात. रजेचे तीन अर्ज केले, बदली माणूस नाही म्हणून तिन्ही नामंजूर. हे उत्तरात घेऊ नये. पण कुणी वाचत असल्यास वाचावे.’

साहेबांनी वाचलं. आला त्याच दिवशी, दुपारी, डबा खायच्या आधी. नेमणुका आणि रजा बघणारी आस्थापना शाखा दोन खोल्या पलीकडे होती. तिथं साहेबांच्या शब्दाला वजन होतं. चार ओळींची टिपणी नेऊन दिली असती, तर महिन्याभरात डोंगरावर दुसरी परिचारिका गेली असती आणि ही बाई घरी. साहेबांनी टिपणी लिहिलीसुद्धा. हातात घेऊन ते व्हरांड्यात आले, पाण्याच्या पिंपापर्यंत गेले. तिथं भांडंभर पाणी प्यायले. अजून ओळखतात असं म्हणते, म्हणजे तशी घाई नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. अधिवेशन उरकू दे, मग बघू. ते परत आले आणि टिपणी खणात ठेवली. प्रश्नाचं उत्तर गेलं : अंशतः. खुलासाही त्यांनी मागवला : ‘वडिलांच्या प्रकृतीबाबत पुढील तक्त्यात माहिती द्यावी.’

पुढील तक्त्यात. म्हणजे सहा महिन्यांनी. हे लिहिताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

हिवाळ्याचं अधिवेशन आलं आणि तेरावा तक्ता आला. या वेळचा शेरा छोटा होता : ‘वडील मागच्या महिन्यात फोनवर मला नावाने हाक मारत होते. या महिन्यात कोण बोलतंय असे विचारतात. मी सांगते. ते हो म्हणतात.’

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला आणि खण उघडला. सहा महिन्यांपूर्वीची टिपणी तिथंच होती, घडी न मोडलेली. त्या क्षणी त्यांना जे कळलं ते कळायला इतकी वर्षं लागावीत, याची त्यांना लाज वाटली. ही बाई तिथून सुटली असती तर शेरे बंद झाले असते. तिच्या जागी येणारीनं ‘निरंक’ लिहिलं असतं. आपल्याला हसायला, वाट बघायला, संध्याकाळी आठवायला काहीतरी हवं होतं, म्हणून एका बाईला आपण डोंगरावर राहू दिलं. भूक आपली आणि उपास तिला. साहेब आपल्या खुर्चीत बसून रडले. मग चष्मा पुसला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा उत्तराच्या मसुद्यात लिहिलं :

‘(१) हे खरे आहे. (२) कार्यवाही केलेली नाही. (३) विलंबास कारण नाही.’

तासाभरात सचिवबाईंचं बोलावणं आलं. सचिवबाई खात्याच्या सर्वोच्च अधिकारी, करड्या पण वाईट नव्हेत. मसुदा त्यांच्यासमोर पडला होता.

“बसा. तब्येत बरी आहे ना तुमची?”

“बरी आहे.”

“पूर्ण बरी?”

साहेबांनी मसुद्याकडे बघितलं.

“अहो, हे मंत्र्यांनी सभागृहात वाचायचं? ‘विलंबास कारण नाही’? हा जबाब आहे की कबुलीजबाब?”

“माहिती खरी आहे, मॅडम.”

“माहिती खरी असतेच हो. तुम्हीच मला शिकवलंत, खरं किती आणि कुठं लिहायचं ते.” त्यांनी पेन घेतलं, तिन्ही ओळी खोडल्या आणि वर तो जुना शब्द लिहिला. “आणि या वेळी लक्ष ठेवा. प्रश्न यादीत तिसरा लागलाय. तोंडी येणार. उपप्रश्न होतील. तुम्ही गॅलरीत बसा, चिठ्ठ्या द्यायला.”

ही चिठ्ठ्यांची पद्धत सांगायला हवी. मंत्र्यांना खात्याचं सगळं कुठं ठाऊक असतं! सभागृहात कडेला अधिकाऱ्यांची गॅलरी असते. आमदारानं उलटा प्रश्न टाकला की अधिकारी झटपट चिठ्ठीवर उत्तर लिहितो, ती मंत्र्यांकडे जाते आणि मंत्री वाचून दाखवतात. हे मंत्री तर चिठ्ठी आधी नजरेखालूनही घालत नसत. हातात आली की थेट तोंडात. साहेबांवर त्यांचा तेवढा विश्वास होता.

तो दिवस मंगळवार होता. पहिले दोन प्रश्न रस्ते आणि पाणी यांत गेले. तिसरा पुकारला तसे पांढऱ्या मिशांचे आमदार उठले; सहा वर्षांत प्रथमच उठायला मिळाल्यानं थोडे गोंधळलेले. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं : “हे अंशतः खरे आहे.”

“अध्यक्ष महोदय,” आमदार म्हणाले, “हा शब्द मी बारा वेळा छापलेला वाचला. आज समोरासमोर विचारतो. अंशतः म्हणजे किती अंश? ताप असल्यासारखं एकदा मोजून सांगा.”

सभागृह हसलं. मंत्रीही हसले आणि सवयीनं गॅलरीकडे हात केला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. समोर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. शेजारी बसलेला दुसऱ्या शाखेचा अधिकारी घाई करत होता. साहेबांनी लिहिलं, टपोऱ्या अक्षरात, म्हणजे मंत्र्यांना चष्म्याशिवाय वाचता यावं. चिठ्ठी गेली. मंत्री उभे राहिले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचू लागले :

“चारपैकी एक. सहा वर्षे तीच एक. प्रत्येक अधिवेशनाआधी डॉक्टर नेमले जातात, ते त्याच दुपारी रजेवर जातात. परिचारिकेला आजारी वडिलांसाठी तीनदा रजा नाकारली. म्हणजे माननीय सदस्य म्हणतात ते...” इथं मंत्र्यांना आपण काय वाचतोय ते उमगलं, पण वाक्य अर्धं सोडता येईना. “...ते पूर्ण खरे आहे.”

मग जो गोंधळ उठला तो अध्यक्षांना दहा मिनिटं आवरेना. शेवटी त्यांनी निर्देश दिला : आठ दिवसांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर प्रत्यक्ष हजर करा, सध्याच्या परिचारिकेला रजा आणि शहरात बदली द्या, आणि तसं सभागृहाला कळवा. डोंगराकडचे आमदार खाली बसले. त्यांनी गॅलरीकडे बघून हात जोडल्याचं साहेबांना दिसलं, पण साहेबांनी मान वर केली नाही.

शिक्षा व्हायची ती झाली. दुसऱ्या दिवशी खुलासा मागवणारं पत्र आलं. आयुष्यभर इतरांकडून खुलासे मागवले, आता आपला द्यायची वेळ. आठवड्यानं त्यांची तळघरातल्या अभिलेख कक्षात बदली झाली. तिथं जुन्या फाइली ठेवतात आणि त्या मागायला कुणी येत नाही. शिपाईमामा त्यांचा डबा आणि पाण्याची बाटली खाली पोचवून गेले, आणि “साहेब, भारी काम केलंत,” म्हणाले. साहेबांना ते ऐकवेना.

सव्वा महिन्यानं एका दुपारी तळघराच्या पायऱ्यांवर चपलांचा आवाज आला.

“प्रश्नांची उत्तरं लिहायचे ते साहेब तुम्हीच का?”

दारात पन्नाशीची, ठेंगणी, सावळी बाई उभी होती. हातात कापडी पिशवी. आवाज दणदणीत, ज्यांना दिवसभर बोलायला कुणी नसतं, त्यांच्यापैकी काहींचा असा होतो. साहेबांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण कोण ते विचारावं लागलं नाही. ते उठले, एकुलत्या एका जादा खुर्चीवरच्या फाइली खाली ठेवल्या, रुमालानं खुर्ची पुसली.

“बसा. बसा ना.”

“आस्थापनेत बदलीचा हुकूम घ्यायला आले होते. तिथले म्हणाले, तुमचं काम चिठ्ठीनं झालं, आणि ती चिठ्ठी लिहिणाऱ्यांना खाली पाठवलंय. म्हटलं, भेटल्याशिवाय जायचं नाही. फार उपकार झाले हो तुमचे.”

“उपकार कसले,” साहेब म्हणाले. “वडील कसे आहेत?”

“तब्येतीनं ठणठणीत.” ती हसली, पण हसू टिकलं नाही. “मला सिस्टर म्हणतात. मी साध्या साडीत असते, युनिफॉर्म नाही की काही नाही. तरी म्हणतात, सिस्टर, तुम्ही फार चांगल्या आहात हो, अगदी माझ्या मुलीसारख्या. ती डोंगरावर असते, म्हणतात. तिला रजा मिळत नाही.”

साहेब हातातल्या रुमालाची घडी घालत राहिले.

“असो. एक विचारू का?” तिनं पिशवी मांडीवर घेतली. “त्या तक्त्यात मी काहीबाही लिहायची. शेवटच्या रकान्यात. ते कुणी वाचायचं का हो? अधूनमधून खुलासा करा म्हणून पत्र यायचं, पण तसं तर प्रत्येक कागदावर येतं. मला वाटायचं, तिथं एखादं यंत्रच असेल. वाचायचं का कुणी?”

‘माहिती घेऊन सांगतो,’ असं म्हणता आलं असतं. ‘काही अंशी’ म्हणता आलं असतं. तीस वर्षांची जीभ तशी आपोआप वळलीही होती. साहेब म्हणाले, “मी वाचायचो.”

“तुम्ही?” तिचा चेहरा असा उजळला की साहेबांना तिकडे बघवेना. “सगळे?”

“सगळे. पुन्हा पुन्हा.”

“बकरीचा?”

“बकरीचा. बादल्यांचा. चहाचा तर पाठ आहे मला.”

ती खळखळून हसली. “म्हणजे ‘झाडाचा प्रकार नमूद करावा’ हे तुम्ही! अहो, मी त्या झाडाचं पान काढून गावभर विचारत हिंडले होते!” साहेबही हसले. त्या तळघरात दोन माणसांचं हसणं बहुधा पहिल्यांदाच होत असेल. साहेबांना वाटलं, हे एवढंच असू दे, आता पुढं कुणी काही विचारू नये. पण तिचं हसणं हळूहळू थांबलं. ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती, आणि ते जुळत गेलं तसा तिचा चेहरा बदलत गेला.

“वडिलांचा शेरा? उन्हाळ्यातला?”

“तोही.”

“केव्हा वाचलात?”

“आला त्याच दिवशी.”

“सहा महिने होते तेव्हा,” ती म्हणाली. आता आवाज मोठा नव्हता. “मला ओळखत होते ते. तेव्हा काही करता आलं नसतं का?”

“आलं असतं. चार ओळींची टिपणी पुरे होती. लिहिली होती मी.”

“मग?”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. “तुम्ही तिथून गेला असतात तर शेरे यायचे बंद झाले असते,” ते म्हणाले. “मला दुसरं कुणी नव्हतं.”

ती चिडली नाही, रडली नाही. पिशवीचे बंद हाताला गुंडाळत बसली. मग उठली, आणि खुर्ची होती तिथं नीट सरकवून ठेवली.

“निघते. त्यांना चारला भरवावं लागतं. शेजारणीच्या हातून खात नाहीत.”

“मी...” साहेब म्हणाले, आणि उठून उभे राहिले.

दाराशी ती थांबली. पेशंटशी बोलावं तशा, दमलेल्या पण मऊ आवाजात म्हणाली, “मला वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय. त्याचं एवढं काही वाटायचं नाही मला. भिंतच बरी होती हो.”

ती पायऱ्या चढून गेली. साहेब उभेच होते. वर रस्त्यावरचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं, की आपण तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.